रतामाच्या झुडपाखाली

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८



कर्मेल डोंगरावरचा विजय अजून ताजा आहे, आणि देवाचा संदेष्टा एलीया रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत आहे. मागच्याच अध्यायात त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला, दुष्काळ संपून पाऊस आला, आणि राजाच्या रथापुढे तो इज्रेलपर्यंत धावत गेला. आता ईजबेलीच्या एका निरोपाने त्याचा सगळा धीर खचला आहे. बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकराला मागे ठेवले, तो एकटाच दिवसभराची वाट चालून गेला, आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे त्याने देवाला विनवले.

या भागावरचे आपले उपदेश बहुधा होरेबावरच्या मंद वाणीपासून सुरू होतात. पण त्याआधी काय घडले ते पाहा. देवाने एलीयाला त्याच्या अविश्वासाबद्दल बोल लावला नाही. काल अग्नी पाहिलास आणि आज एका बाईला भितोस काय, असेही विचारले नाही. त्याने त्याला झोपू दिले. मग दूताने हात लावून उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. एलीयाने खाल्ले आणि तो पुन्हा निजला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा हात लावला, पुन्हा खाऊ घातले. कारण पुढची वाट त्याला झेपण्यासारखी नव्हती. डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि वाणी हे सारे चाळीस दिवसांनंतरचे. आधी झोप, भाकर, पाणी आणि हाताचा स्पर्श, आणि शब्द त्यानंतर, हा देवाचा क्रम आहे. आपल्या घरांत असलेल्या एका कठीण आजाराविषयी आज लिहायचे आहे, आणि त्या बाबतीत हाच क्रम आपण पुष्कळदा उलटा करतो.

आजार कोणता?

नैराश्य हा शब्द आता सर्वांच्या कानावर आहे. इंदुरातले हिंदी बोलणारे शेजारी त्याला अवसाद म्हणतात. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन खचलेले राहते. पहाटे तीन-चारला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही. अन्नाची चव जाते, वजन उतरते, हालचाल मंदावते, आवडीच्या कशातही जीव रमत नाही. घरातली माणसे म्हणतात, "काही नाही, मनाला लावून घेतले आहे."

या आजाराचे एक तीव्र रूप असे की त्यात खिन्नतेबरोबर वास्तवाची पकडही सुटते. डॉक्टर त्याला मनोविकृतीसह नैराश्य म्हणतात. त्यात दोन गोष्टी दिसतात. एक भ्रम, म्हणजे जे खरे नाही ते खरेच आहे अशी पक्की खात्री, जी कोणत्याही पुराव्याने हलत नाही. दुसरी भास, म्हणजे कोणी नसताना आवाज ऐकू येणे. आणि तो आवाज बहुधा दोष देणारा, शिव्या देणारा, कधी मरून जा म्हणणारा असतो. रोग्याला वाटते की आपण कंगाल झालो, आपली आतडी सडली, पोलीस आपल्याला न्यायला येत आहेत, किंवा आपल्या पापामुळे सगळ्या कुटुंबावर नाश येणार आहे. पुष्कळदा तो हे कोणाला सांगत नाही. लोक वेडा म्हणतील ही भीती असते, आणि ही शिक्षा आपल्याला योग्यच आहे असेही त्याला वाटत असते.

आजार विश्वासाचे कपडे घालून येतो

भ्रम माणसाच्या मनात जे सर्वांत जवळचे असते त्याच्यातूनच आपले शब्द उचलतो. व्यापाऱ्याला दिवाळे दिसते, शेतकऱ्याला जप्ती दिसते. ख्रिस्ती माणसाला बहुधा नरक दिसतो.

समजा, मंडळीतले एक वडील आहेत. साठीला आलेले, शांत स्वभावाचे, इंदुरातच नोकरी करून निवृत्त झालेले. तीस वर्षांपूर्वी ते मंडळीचे खजिनदार होते. तीन महिने झाले, त्यांची झोप गेली आहे. आता ते म्हणतात की त्या वेळी दानपेटीतल्या दहा रुपयांचा हिशेब चुकला होता, तो पवित्र आत्म्याविरुद्धचा अपराध होता, आणि देवाने त्यांना कायमचे टाकले आहे. ते प्रभुभोजनाला पुढे येत नाहीत. अयोग्य रीतीने घेणाऱ्याविषयी पौलाने करिंथकरांस जे लिहिले ते स्वतःला लावून घेतात. रात्री त्यांना आवाज ऐकू येतो, आणि तो देवाचा आहे असे त्यांना वाटते.

पाळकसाहेब येतात. ते म्हणतात, "पाप कबूल करा, प्रभू क्षमा करील." वडील कबूल करतात, रडतात, दहाच्या जागी हजार रुपये भरतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. मग लोक म्हणू लागतात की अजून काही दडवलेले असेल. कोणी म्हणते विश्वास कमी पडतो, कोणी म्हणते बाहेरची बाधा आहे. प्रत्येक वाक्याने त्या माणसाचा भ्रम अधिक घट्ट होतो, कारण आता मंडळीनेही त्याला साक्ष दिली.

येथे आपल्याला ओळखायला शिकले पाहिजे. पवित्र आत्मा पापाची जाणीव देतो ती नेमक्या पापाची असते, आणि तिच्या पुढे दार उघडे असते. माणूस पाप कबूल करतो, झालेले नुकसान भरून देतो, आणि त्याला शांती मिळते. आजाराने आलेल्या दोषभावनेला माप नसते. दहा रुपयांसाठी ती सार्वकालिक शिक्षा ठरवते. क्षमेचे वचन कितीदा वाचले तरी ती ते ऐकत नाही, आणि तिच्यासोबत झोप, भूक व शक्तीही गेलेली असते. म्हणून पाळकांनी आणि वडिलांनी दोषी मनाच्या माणसाला हेही विचारावे : झोप किती लागते? पहाटे केव्हा जाग येते? जेवण जाते का? कोणाचा आवाज ऐकू येतो का? हे प्रश्न विचारल्याने आत्मिक काम थांबत नाही. रतामाच्या झुडपाखाली देवानेही तेथूनच सुरुवात केली.

एलीयाच्या बोलण्यातही एक गोष्ट लक्षात घ्या. आपण एकटेच उरलो आहोत असे तो होरेबावर दोनदा म्हणतो. पण शंभर संदेष्टे गुहांत लपवून वाचवल्याचे ओबद्याने त्याला थोड्याच दिवसांपूर्वी सांगितले होते (१ राजे १८:१३). एलीया वेडा झाला होता असे मी म्हणत नाही. खचलेल्या मनात चांगली बातमी टिकत नाही, एवढेच म्हणतो. एलीया भाकर खाऊन, विश्रांती घेऊन, बोलून मोकळा झाला, तेव्हाच देवाने सात हजारांचा आकडा सांगितला. आणि अलीशाच्या रूपाने एक सोबतीही दिला. भ्रमात असलेल्या माणसाशी वाद घालू नये आणि त्याच्या भ्रमाला होकारही देऊ नये. एवढे म्हणावे : "तुम्हाला तसे वाटते आणि त्याचा फार त्रास होतो, हे मला दिसते. मला तसे वाटत नाही. पण मी तुमच्याजवळ आहे, आणि आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ."

हा आजार विश्वासणाऱ्यांच्या घरी येतो

मराठी शास्त्राच्या इतिहासातच अशा दुःखाचे एक घर आहे. विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १८११ मध्ये सेरामपुराहून मराठी नवा करार छापून निघाला. त्याची पत्नी डोरोथी हिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर १७९४ मध्ये बंगालात आजारात गेला. त्यानंतर तिच्या मनाचा तोल गेला. आपला नवरा व्यभिचारी आहे असा भ्रम तिला जडला तो सुटला नाही, आणि शेवटी तिला खोलीत बंद ठेवावे लागले. १८०७ मध्ये ती वारली. आज आपण तिच्या आजाराला कोणते नाव देऊ हे इतक्या वर्षांनी ठरवणे बरोबर नाही. पण एका खोलीत शास्त्राचे भाषांतर चालू असता त्याच घरात एका आईचे मन मोडलेले होते, हे विसरू नये.

दुसरे उदाहरण इंग्लंडातील गीतकार विल्यम कूपर याचे आहे. १७६३ मध्ये त्याला घोर निराशेने घेरले. सेंट ऑल्बन्स येथील डॉ. कॉटन यांच्या मनोरुग्णालयात दीड वर्ष राहून तो बरा झाला, आणि तेथेच शास्त्र वाचत असता त्याला क्षमेची खात्री झाली. पुढे ओल्नी गावी पाळक जॉन न्यूटन याच्या सोबतीने त्याने लिहिलेली गीते १७७९ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु १७७३ मध्ये आजार उलटला होता. देवाने आपल्याला कायमचे नाकारले आहे अशी त्याची समजूत झाली आणि उपासनेला जाणे त्याने सोडले. इतरांना तारणाची गीते देणारा हा माणूस स्वतःविषयी १८०० साली मरेपर्यंत असेच मानत राहिला. न्यूटनने त्याला दूर केले नाही. वर्षाहून अधिक काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतले. मित्राला जे करता येते ते न्यूटनने केले. औषध मात्र त्या काळी नव्हते. आज आहे, म्हणून आपली जबाबदारी न्यूटनपेक्षा मोठी आहे.

प्रार्थना आणि अंजिराचा लेप

हिज्कीया राजाला मरणाचे दुखणे लागले. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली आणि पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून दिले. त्याच अध्यायात यशया गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो (२ राजे २०:१-७). लेप लावला म्हणून प्रार्थना खोटी ठरली नाही.

इंदुरातल्या मंडळीला तरी हे नव्याने सांगावे लागू नये. १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे रेव्ह. डग्लस येथे आले, आणि पुढच्या दहा वर्षांतच एलिझाबेथ बीटी व मॅरियन ऑलिव्हर या डॉक्टर भगिनी बायकामुलांच्या औषधपाण्यासाठी येथे येऊन राहिल्या. वचन आणि औषध आपल्या शहरात एकाच मिशनने आणले. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बहिणीला आपण अविश्वासू म्हणत नाही. मग मनाच्या आजाराची गोळी घेणाऱ्याला का म्हणावे?

उपचार काय असतात तेही माहीत असावे. डॉक्टर आधी थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२, दारू, चालू असलेली इतर औषधे यांची चौकशी करतात, कारण यांनीही मन बिघडते. या आजारात बहुधा दोन प्रकारची औषधे एकत्र देतात, एक खिन्नतेवर आणि एक भ्रम-भासांवर. अमेरिका व कॅनडातील चार केंद्रांत २५९ रुग्णांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे ४२ जणांची लक्षणे निवळली; केवळ भ्रमावरचे औषध मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे २४ होते. गुण यायला आठवडे लागतात. सुस्ती, वजन व साखर वाढणे असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगावेत, मनानेच गोळी सोडू नये. त्याच संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की बरे झाल्यावर भ्रमावरचे औषध चालू ठेवलेल्यांत नऊ महिन्यांच्या आत सुमारे पाचांतल्या एकाचा आजार उलटला, आणि ते बंद केलेल्यांत निम्म्याहून अधिकांचा. प्रार्थनासभेत साक्ष देऊन त्याच दिवशी गोळ्या फेकणे हे धोक्याचे आहे. बरे वाटते ही देवाची कृपा, आणि गोळी हे त्या कृपेचे साधन.

विजेच्या उपचाराला लोक घाबरतात. चित्रपटांतून दिसते तसा तो शिक्षेचा प्रकार नाही. रोग्याला भूल देऊन आणि स्नायू सैल करणारे औषध देऊन तो करतात. भूल न देता करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे. काही काळ विसरायला होते, हे खरे. परंतु जो खात-पीत नाही किंवा जिवावर उठला आहे, त्याच्यासाठी या आजारात हा सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी एक आहे.

बाधा, उपास आणि साखळी

भुते काढण्याविषयी प्रश्न येतोच. मत्तय ४:२४ मध्ये प्रभूकडे आणलेल्यांत भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती हे वेगवेगळे सांगितले आहेत. प्रत्येक आजार म्हणजे भूत, असे शुभवर्तमान शिकवीत नाही. देवाने टाकले असे मानणाऱ्या माणसाला तुझ्यात सैतान आहे असे सांगणे म्हणजे त्याच्या जखमेत मीठ घालणे होय. ज्याचे अन्न तुटले आहे त्याच्यावर उपास लादू नका. एलीयाला देवाने खाऊ घातले. मारणे आणि बांधून ठेवणे हे कोणत्याही नावाने करू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, प्रार्थनेने बरे व्हावे म्हणून आणून साखळीने बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, कारण त्यांना पळता आले नाही. २०१७ च्या कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. हे दुसऱ्या धर्मातले म्हणून सोडून देऊ नका. आपल्या प्रार्थनागृहांतही कोणी दोरीने बांधून ठेवलेला नाही ना, हे आपणच पाहिले पाहिजे.

घराने आणि मंडळीने काय करावे?

या आजारात आत्मघाताचा धोका साध्या नैराश्यापेक्षा अधिक असतो. म्हणून मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने विचार मनात घातला जात नाही. उलट न बोललेले ओझे हलके होते. उत्तर होय आले, किंवा आवाज तसे सांगत असतील, तर रोग्याला क्षणभरही एकटे ठेवू नये. विषारी वस्तू आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. बाळंतपणानंतर काही दिवसांत आईला भ्रम किंवा भास होऊ लागले, तर तेही तातडीचे समजावे. आई आणि बाळ दोघांचा जीव त्यात आहे.

इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे, आणि बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगा हे नाव थट्टेत वापरायची सवय शहराला आहे. ख्रिस्ती माणसाने ती सोडावी, कारण या थट्टेमुळेच घरचे लोक महिनेन्‌महिने रोग्याला लपवून ठेवतात. दूरच्या गावी असाल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य बोलता येते, हिंदीत आणि मराठीतही. आत्मघाताचा प्रयत्न झालाच, तर पोलिसांच्या भीतीने दडवू नका. कायदा आता असे धरून चालतो की तो माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर ठेवतो.

डॉक्टरांकडे जाताना जवळचे एक माणूस सोबत असावे आणि झोप, जेवण, भ्रम, आवाज यांची टिपणे कागदावर असावीत. आपण इंदूरकर बाहेर हिंदी बोलतो, पण दुःख मराठीतच बोलले जाते. रोग्याचे शब्द आहेत तसे सांगा.

मंडळीसाठी थोडक्यात एवढेच. महिला मंडळाने डबा पाठवावा. तरुणांनी रुग्णालयात रात्रीची पाळी घ्यावी आणि गोळ्या आणून द्याव्यात. सांभाळणाऱ्या पत्नीला किंवा मुलीला आठवड्यातून एक दुपार झोपू द्यावे. पाळकांनी भेट लहान ठेवावी, वचन लहान वाचावे, आणि घरची गोष्ट प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली सभेत सांगू नये. काय वाचावे सुचत नसेल तर स्तोत्र ८८ वाचा. त्याचा शेवट अंधारातच होतो, तरी ते देवाच्या वचनात आहे. म्हणजे अंधारात बसलेल्यालाही देवाच्या पुस्तकात जागा आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होते. ते कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले.

बंधुभगिनींनो, या आजारातला माणूस म्हणतो, "मला विश्वास ठेवता येत नाही." त्याला सांगा, "हरकत नाही, आज आम्ही ठेवतो." कफर्णहूमात चौघांनी एका पक्षघाती माणसाला बाजेवर उचलून आणले, छप्पर उघडले आणि प्रभूपुढे सोडले. मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला (मार्क २:५). बाजेवरचा माणूस काही बोलल्याचे तेथे लिहिलेले नाही. चौघांनी उचलले, एवढे पुरे झाले. आपल्या मंडळीत अशी एक बाज कोठेतरी आहे. तिचे चार कोपरे कोण धरणार?

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांच्या कानात तू त्यांना टाकले आहेस असा खोटा आवाज घुमतो, त्यांना धरून ठेव. त्यांना झोप दे, अन्न दे. त्यांच्या डॉक्टरांना शहाणपण दे आणि औषधाला गुण दे. त्यांची सेवा करून थकलेल्यांना विसावा दे. आम्हाला बोलण्यात सावध आणि उचलण्यात तत्पर कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.